तिने दिवेवाल्याचा बेडूक केला

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नाही.

चार ओळींची चिठ्ठी असती तर सोडून देता आलं असतं. पण हे चांगलं तीन पानी पत्र होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, मुद्द्यांना क्रमांक घालून, शेवटी 'उत्तराची वाट पाहते आहे' असं स्वच्छ अक्षरात लिहून तिने स्वतः टपालपेटीत टाकलेलं. ते त्याला मिळालंही होतं. मिळालं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. आणि मग? मग काही नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला, तिसरा आला. पठ्ठ्या ढिम्म.

आणि पत्र कशाबद्दल होतं, तर जादूबद्दल.

हसू नका. तिला हसू येत नव्हतं. पण ते दोघं भेटले कसे ते आधी सांगायला हवं, नाहीतर तिचा राग उगाचचा वाटेल, आणि तो उगाचचा मुळीच नव्हता.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मालक पुढे गल्ल्यावर बसत आणि ती मागच्या टेबलावर भिंगं घासून फ्रेममध्ये बसवी. सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. एका भुरभुर पावसाच्या दुपारी मालक जेवायला गेलेले असताना एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. एका हाताने त्याने चष्मा नाकावर धरून ठेवला होता, कारण चष्म्याची एक दांडी दुसऱ्या हातात होती.

"बिजागरीचा स्क्रू पडला," तो म्हणाला. "खिशात पडला असावा... बहुतेक."

आणि त्याने खिसा काउंटरवर उलटा केला. पेन्सिलीचा तुकडा, खोडरबर, बसचं जुनं तिकीट, आणि टपोऱ्या बोराएवढं निळं काहीतरी, ज्याच्या प्रत्येक बाजूवर आकडा कोरलेला होता.

"हा स्क्रू नाही," ती म्हणाली.

"नाही, तो... तो फासा आहे."

"फाशाला सहा बाजू असतात."

"याला वीस आहेत."

"का?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस 'असाच, खेळातला आहे' म्हणून मोकळा झाला असता. तिला तशीच सवय होती. घरी दादाला काही विचारलं की तो म्हणायचा, "बघू." वहिनी म्हणायची, "तुझे दादा बघतील." दुकानात पगारवाढीचं विचारलं, नव्या यंत्राचं विचारलं, की मालक म्हणायचे, "बघू या." पुढे शिकायचं बघू, दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं बघू... तिचं अर्धं आयुष्य या 'बघू'ने खाल्लं होतं.

या माणसाने तसं केलं नाही. त्याने तिच्या एका 'का'ला मालक जेवून परत येईपर्यंत उत्तर दिलं.

"एकजण गोष्ट सांगतो," तो सांगत होता, आणि ती स्क्रू बसवता बसवता ऐकत होती. "बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मी म्हणतो, समोर दरी आहे, पूल मोडलाय. तुम्ही सांगायचं, तुम्ही काय करता. उडी मारते म्हणालात, तर ती जमली की नाही ते फासा सांगतो."

"आणि तुम्ही कोण होता?"

"मी... उरलेले सगळे."

"दरीसुद्धा?"

"दरीसुद्धा."

ती हसली. त्याच्या नाकावर चष्मा चढवून, दोन्ही कानांमागून बोट फिरवून तिने दांड्या सारख्या आहेत ना ते पाहिलं. हे ती दिवसातून कितीतरी जणांचं करायची. पण आज बोट जरा जास्त रेंगाळलं, आणि त्याचे कान लाल झाले. मग भिंगांतून त्याला ती नीट दिसली असावी, कारण तो बोलायचाच थांबला.

"मी खेळायला आले तर मला कोण होता येईल?" तिने विचारलं.

"कोण व्हायचंय?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण उत्तर तयारच होतं, जणू कधीचं जिभेवर बसून होतं. "जादूगारीण. एकटीच राहणारी. जिला कुणाला काही विचारावं लागत नाही."

"छान," तो म्हणाला. हा शब्द ध्यानात ठेवा. त्याने 'छान' म्हटलं होतं.

तो पाणीखात्यात नकाशे काढायचा. जमिनीखालून कुठला नळ कुठे जातो याचे नकाशे. त्यामुळे त्याच्या गोष्टीतली भुयारं अशी चोख असत की त्यांत हरवायलाही मजा यायची. खेळात सगळे त्याला सूत्रधार म्हणत. दर शनिवारी दुपारी, त्याच्या आतेबहिणीच्या दवाखान्यात हा खेळ जमे. आतेबहीण दातांची डॉक्टर होती. शनिवारी दुपारी पेशंट नसत, तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या बुटक्या टेबलावरची जुनी मासिकं उचलून तिथे नकाशे अंथरले जात, आणि दात कसे घासावेत याच्या रंगीत तक्त्याखाली राज्यं बुडत आणि तरत. डॉक्टरीणबाई खेळात तलवारबाज होत्या. चौथे होते बेकरीवाले काका, देहाने कपाटाएवढे आणि आवाजाने मांजराएवढे. ते पहारेकरी होते. येताना ताजे बन आणत आणि ते संपेपर्यंत कुणाकडे बघत नसत.

भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर सूत्रधाराच्या नकाशावरच्यासारख्या रेखीव अक्षरात घरचे नियम होते. जादू मनातल्या मनात करायची नाही, मोठ्याने म्हणायची. फासा टेबलाखाली गेला तर परत टाकायचा. आणि सर्वांत ठळक: 'टेबलावर वाद नाही. तक्रार टपालाने. उत्तरही टपालानेच.' हा नियम कसा आला, तर एकदा घोडा जिना चढू शकतो की नाही यावर आतेबहीण आणि बेकरीवाले काका यांची अशी जुंपली की अख्खी दुपार गेली आणि घोडा बिचारा पहिल्याच पायरीवर राहिला.

आणि चष्मेवाली त्या टेबलावर अशी फुलली म्हणता! सावलीतून सावलीत जायची तिची जादू. कुलूप? उघडलं. पहारा? झोपला. राक्षस? आतेबहीण म्यानातून तलवार काढेपर्यंत तो दगड होऊन उभा. सूत्रधार तिच्याकडे बघत सांगायचा, "सावली तुझ्या जादूगारणीला ओळखते... ती बाजूला सरकून वाट देते," आणि तिच्या अंगावर शहारा यायचा. खेळात तो तिला 'तू' म्हणायचा. खेळ संपला की लगेच 'तुम्ही'.

मग दोघं बसथांब्यापर्यंत चालत. छत्री एकच, त्याची. तो बोलण्याच्या नादात ती पूर्ण तिच्या बाजूला धरायचा, आणि थांब्यावर पोचेपर्यंत त्याचा डावा खांदा निथळत असायचा. घरी जाऊन ती त्या खांद्याचा विचार करायची.

तर असं सगळं गोडीगुलाबीने चाललेलं असताना, एका शनिवारी ती आली आणि पुठ्ठ्यावर नवी ओळ!

'यापुढे एकट्याने जादू होणार नाही. जादूगारणीने कुणाचा तरी हात धरलेला असावा. ज्याचा हात, त्याची अर्धी ताकद त्या जादूला लागेल.'

तिने ती दोनदा वाचली.

"हे का?" तिने विचारलं.

सूत्रधार नकाशाची घडी उलगडत होता. ती उलगडलेलीच होती. "टेबलावर... वाद नाही," तो पुटपुटला.

"मी वाद घालत नाहीये. मी 'का' विचारतेय."

"टपालाने," तो म्हणाला, आणि चष्मा पुसायला लागला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्याच जादूगारणीने, जी कुणाला काही विचारावं लागू नये म्हणूनच जन्माला आली, तिने आता कुलूप उघडायलाही कुणाकडे तरी हात मागायचा? वर आतेबहीण म्हणते, "खोटं खोटं नाही हं चालायचं, टेबलावरही खराच हात धर." मग ती काय करणार? शेजारी बेकरीवाले काका होते. "काका, हात द्या," ती दात-ओठ खात म्हणाली.

"देतो की!" काका दचकून सरळ बसले. त्यांचा तळवा ऊबदार होता आणि त्याला यीस्टचा वास येत होता. फासा बरा पडला, कुलूप उघडलं, आणि काका इतके खूश झाले की उरलेला बन त्यांनी तिला दिला. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

त्याच आठवड्यात तिने पत्र लिहिलं. नियम खेळ चालू असताना बदलता येत नाही, हा पहिला मुद्दा. तलवारबाजाला हात मागावा लागत नाही, मग जादूगारणीलाच का, हा दुसरा. चौथ्यात तर तिने त्याला पुरतं धरलं: 'माझी जादूगारीण एकटी राहते हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तुम्ही "छान" म्हणाला होतात.' असे नऊ मुद्दे. सगळ्यांत शेवटी: 'उत्तर द्यायचं नसेल तर तसं लिहा. पण "बघू" असं लिहू नका. ते मला घरी मिळतं.'

पुढच्या शनिवारी तिने विचारलं, "पत्र मिळालं?"

"मिळालं," तो म्हणाला. थोडं थांबला. "अक्षर... फार सुंदर आहे."

अक्षर! तिने रक्त आटवून नऊ मुद्दे मांडले आणि या गृहस्थाला अक्षर दिसलं! त्या दिवशी ती बसथांब्याला त्याच्याबरोबर गेली नाही. लांबच्या रस्त्याने, भिजत गेली. भिजल्यामुळे राग कमी होतो म्हणतात, ते खोटं आहे.

त्यात भर म्हणजे खेळात तो म्हातारा उपटला.

कुठल्याही गावाच्या वेशीवर गेलं की हा उभाच. खांद्यावर शिडी, हातात तेलाचा डबा, रस्त्यावरचे दिवे लावणारा दिवेवाला. अर्थात आवाज सूत्रधाराचाच, जरा घोगरा केलेला. गावाबाहेर शत्रू तळ ठोकून बसलाय, आणि हा आपला सांगतोय: "बाई, दिवा एकट्याने लावता येतो बरं... पण शिडी धरायला खाली माणूस उभा असतो ना, त्यालाही वाटतं, उजेड आपण केला..."

"बरं बरं," ती म्हणायची. "वेशीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते सांगा."

पुढच्या शनिवारी परत तोच. "बाई, वाट चालू असताना का वळवली, विचारलंत तर सांगतो. मागे एकजण चालायचा थांबला होता..."

"हा म्हातारा फार बोलतो," ती आतेबहिणीला म्हणाली. आतेबहीण ओठ चावून छताकडे बघत होती.

तिसऱ्या शनिवारी मात्र कहर झाला. भर लढाईत, बाण सुटत असताना, दिवेवाला शिडी घेऊन मध्ये आला. "बाई, एकटं राहणं छानच असतं, मी तसं म्हणालोही होतो. पण एकटं राहणं वेगळं आणि एकट्यानेच सगळं—"

"काका, हात द्या," चष्मेवाली म्हणाली.

"कुणावर?" काकांनी हात देत विचारलं.

"या दिवेवाल्यावर. 'पाण्यात बस, चिखलात बस, तोंड मीट नि ओलं हस!'" आणि तिने फासा टाकला. वीस. पुरते वीस.

सूत्रधाराने फाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा असा पडला की जणू त्याच्याच हातातली शिडी कुणी काढून घेतली. मग, नियम म्हणजे नियम, त्याने बारीक आवाजात म्हटलं:

"डराव."

"बेडूक माझ्या पिशवीत," ती म्हणाली.

"त्याला परत... माणूस करणार ना?"

"बघू," ती म्हणाली.

त्या बुधवारी तिची दाढ ठणकायला लागली. आता दातांची डॉक्टर एकच ओळखीची. खुर्चीत बसता बसताच तिने सांगून टाकलं: "तुमच्या भावाला निरोप द्या. या शनिवारी मी शेवटची येणार. तेही माझी पिशवी त्यांच्याकडे राहिलीय म्हणून. ज्या माणसाला स्वतःचा नियम पाळता येत नाही, त्याच्या राज्यात मला राहायचं नाही."

"तोंड उघड," आतेबहीण म्हणाली. आणि ते उघडल्याबरोबर तिने त्यात कापसाचे बोळे कोंबले. "आता ऐक. बेकरीवाले काका पहाटे उठून भट्टी पेटवतात. शनिवारी दुपारची झोप मोडून खेळायला येतात. तू यायच्या आधी सगळी दारं तेच फोडायचे. तू आल्यापासून त्यांनी फासा हातात धरला नव्हता, माहीत आहे?"

"ऊं?"

"कसा धरतील? दार दिसायच्या आत तू ते उघडलेलं असायचंस. मला म्हणाले, 'डॉक्टर, माझं काही काम उरलं नाही तिथे. मी बन पाठवून देत जाईन, येत नाही.' इतकं वाईट वाटलं मला. मी भावाला सांगितलं. म्हणून तो नियम."

"ऊं ऊं ऊं!"

"मग तुला सांगितलं का नाही म्हणतेस? अगं, तो तुला तोंडावर काय सांगणार, की तू सगळ्यांचा खेळ एकटी खाऊन टाकतेस म्हणून? सांगितलं तर तू सोडून जाशील, नाही सांगितलं तर काका जातील. बसला कुढत."

"ऊंऊं! ऊं!" चष्मेवालीने हवेत लिहिण्याची खूण केली.

"पत्राचं उत्तर? दिलं की. तीन शनिवार तो उत्तरच देत होता. कागदावर कोरडं वाटेल म्हणाला, गोष्टीतून सांगतो. तुझा एकेक मुद्दा घेऊन. शिडी काय, वाट काय... मी म्हटलं, अरे गाढवा, तिला कळणार नाही. म्हणाला, तिला सगळं कळतं." आतेबहिणीने सुई भरली. "चौथ्या मुद्द्यापर्यंत पोचला होता बिचारा. आणि तू त्याचा बेडूक केलास."

चष्मेवालीने कापूस थुंकला.

"पण मी सोडून जाईन हे त्यांनी ठरवलं कसं?" ती उठून बसली. "मला विचारलं? मला सहन होणार नाही हे परस्पर ठरवणारे माझ्या घरी आहेत की दोघं! तिसरा कशाला?"

"हे त्याला सांग. मला दाढ भरू दे."

राग दुप्पट झाला होता. गंमत अशी, की त्यातला निम्मा आता तिचा तिच्यावरच होता. अर्धा गाल बधिर असताना ती तडक बेकरीत गेली. काका पाव मोजून टोपलीत भरत होते.

"काका, चुकलं माझं," तिने सांगितलं. बधिर ओठांनी ते 'शुकलं' असं आलं.

काकांना आधी काही समजेना. समजल्यावर ते पिठासारखे पांढरे पडले आणि मग लाल झाले. "आता तसं काही नाही हो," ते पायांकडे बघत म्हणाले. "तुम्ही 'काका, हात द्या' म्हणता ना... आठवडाभर बरं वाटतं." मग जरा वेळाने, "पण तो बेडूक... त्याचं मला बरं नाही वाटलं. माझीही अर्धी ताकद होती त्यात."

शनिवारी काकांची मोठी ऑर्डर निघाली, ते येणार नव्हते. आतेबहिणीकडे ऐनवेळी कुणीतरी सुजलेला गाल घेऊन आलं होतं आणि आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. बाहेर टेबलाशी सूत्रधार एकटाच होता. ती दारात दिसताच तो उभा राहिला, बसला, परत उभा राहिला.

"तुमची पिशवी," तो म्हणाला. "मी... जपून ठेवली होती."

"बसा," ती म्हणाली. "मला बेडकाचा माणूस करायचाय."

"आज? पण हात धरायला कुणी नाही."

"तुमचा द्या."

"मी सोबती नाही. मी तर..."

"उरलेले सगळे. माहीत आहे. मग उरलेल्यांतला कुणीही द्या. दरी द्या, हवं तर."

त्याने पुठ्ठ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्यावर 'कुणाचा तरी' असंच लिहिलेलं होतं. नियम त्याचाच होता, काय करणार! त्याने हात पुढे केला. पेन्सिलीने बोटांची टोकं करडी झालेली, आणि तळवा गार... भीतीने असावा. तिने तो धरला.

तिने मंत्र म्हटला आणि फासा टाकला. दोन.

"नाही जमलं," तो म्हणाला. हात मात्र सोडला नाही.

"परत."

पाच. मग तीन. मग तर एक.

"मुद्दाम करताय तुम्ही!"

"फासा तर तुम्ही टाकताय."

"हात कुणाचा आहे? तुमची ताकदच कमी पडतेय!"

"असेल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "पण मला घाई नाही."

आतून आतेबहिणीचा आवाज आला, "खराच धरलाय ना रे हात?" आणि सुजलेल्या गालाचं कुणीतरी विव्हळलं.

अखेर सतरा पडले. दिवेवाला माणूस झाला. त्याने बोलायला तोंड उघडलं. घोगरा आवाज काही निघेना. तो खाकरला, चष्मा वर ढकलला, आणि म्हणाला,

"डराव."

तिला हसू फुटलं. पण हसता हसता तिने ठरवून आणलेलं सगळं सांगून टाकलं, हात तसाच धरून. "काकांचं मला सांगितलं असतंत तर मी एका शनिवारात सुधारले असते. मी आपमतलबी नाही, मला दिसलं नव्हतं एवढंच. तुम्ही मला दाखवायचं सोडून माझ्या वतीने ठरवून टाकलंत, की हिला झेपणार नाही, ही जाईल. मी जादूगारीण झाले ती याच्याचपासून पळून! आणि तुम्ही... पहिल्या दिवशी एका फाशाबद्दल इतकं बोललात, की मला वाटलं, हा माणूस तरी 'का'ला उत्तर देईल. आयुष्यभर देईल."

शेवटचं वाक्य तिने आणलेल्यांत नव्हतं. ते आपलं आपण आलं. दोघांनीही ते ऐकलं.

"चुकलं," तो म्हणाला. दिवेवाल्याच्या आवाजात नाही, स्वतःच्या. "तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही. मी शनिवारांना घाबरलो."

"म्हणजे?"

"तुम्ही नसलेल्या."

यंत्राची घरघर थांबली होती. खिडकीवर पाऊस इतका बारीक होता की दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येत होता. तिने फासा उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"हे झालं. पण माझे नऊ मुद्दे होते."

"लिहिलंय." त्याने मोकळ्या हाताने दप्तरातून पाकीट काढलं. जाडजूड. तिकीट लावलेलं, तिच्या घरचा पत्ता घातलेला. "बेडूक झाल्यावर बोलता येईना, तेव्हा लिहिलं."

"द्या."

"टपालाने," तो म्हणाला. "नियम आहे."

"अहो, मी समोर उभी आहे!"

"नियम मोडला म्हणून तर तुम्ही चिडलात."

तिने रागारागाने पिशवी खांद्याला अडकवली. दोघं बाहेर पडले. छत्री आज तिने घेतली आणि ती अशी धरली की दोघांचे खांदे कोरडे राहतील. कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी तो थांबला.

"घरी आलं तर दादा विचारेल, कुणाचं पत्र," ती म्हणाली.

"मग सांगा."

"काय सांगू?"

"ते... आत लिहिलंय. दहावा मुद्दा म्हणून."

"दहावा? माझ्या पत्रात नऊच होते."

"हो. हा माझा आहे." त्याचे कान पहिल्या दिवसासारखे लाल झाले. "त्यात एक विचारलंय."

तिने पाकिटावर झडप घातली. त्याने ते चटकन डोक्यावर धरलं. तो उंच होता, हा तिच्यावर आणखी एक अन्याय.

"थांब ना," तो म्हणाला.

खेळाबाहेर तो तिला 'तू' म्हणाला होता. ती थांबली.

"म्हणजे मी सोमवार-मंगळवारपर्यंत वाट बघायची? उत्तर मला आत्ता माहीत असताना?"

"कसलं उत्तर?"

"तुमच्या दहाव्याचं! मी सांगणार नाही. मीही टपालानेच पाठवीन. पण एक सांगते, का विचारताय याची कारणं नीट दिलेली नसतील ना, तर परत बेडूक."

"दिली आहेत," तो म्हणाला. "म्हणून तर जाड झालंय."

पाकीट फटीत मावेना. तिरकं करावं लागलं, कोपरा दाबावा लागला. तिने छत्री जवळ ओढली, पत्ता भिजू नये म्हणून. मग त्याने ते डाव्या हाताने आत ढकललं, कारण उजवा मोकळा नव्हता.